भातुकलीतले दाणे

माझी भातुकली पितळेची होती. आजीनं कराडच्या बाजारातून एकेक भांडं आणून ती जमवली होती. बोटभर उंचीचा बंब, तळहाताएवढी परात, कढई, झारा आणि दगडाचं एक जातं, ओंजळीत मावेल एवढं. चूल लटकी असायची, पण जेवण खरं. त्या जात्यात आम्ही भाजलेले दाणे भरडायचो, गूळ कालवून सुपारीएवढे लाडू वळायचो, चुरमुऱ्यांत दाणे टाकून चिवडा करायचो. बाहुलीचं लग्न असो की बारसं, पंगतीला दाणे हवेतच. १९६५-६६चा सुमार असेल. भातुकलीसाठी दाणे मागितले की आई मूठ भरून द्यायची, कधी मोजून दिले नाहीत.

मोजायचे कशाला? घरात पोती होती. कृष्णाकाठचं आमचं गाव, दसऱ्याच्या आगेमागे भुईमूग निघायचा. उपटलेल्या वेलांचे ढीग अंगणात पडायचे, शेजारपाजारच्या बायका शेंगा तोडायला बसायच्या आणि दिवस मावळताना आपापला वाटा पदरात घेऊन घरी जायच्या. त्या शेंगांच्या राशीतच रांगती पोरं लोळत असायची. ओल्या शेंगा मीठ घालून उकडायच्या, सुक्या शेकोटीत भाजायच्या. चुलीजवळ खलबत्ता आणि कुटाचा डबा कायमचा. भरल्या वांग्यांत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, मेथीच्या भाजीला कूट, भाकरीबरोबर दाण्याची चटणी. एकादशीला वरीच्या भातावर दाण्याची आमटी. तळण गोड्या तेलाचं, म्हणजे पुन्हा दाण्याचंच. त्या वासात मी वाढले आणि अजूनही खमंग भाजलेल्या दाण्यांचा वास आला की मला आमचं माजघर दिसतं.

त्या माजघरात माझा मामेभाऊ होता. शाळेसाठी आमच्याकडे राहायला आलेला, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. भातुकलीत तो नेहमी पाहुणा. लाडू हातात घ्यायचा आणि हळूच पाठीमागे टाकायचा. एकदा आम्ही त्याला पकडलं. "मला नको. तोंड खाजतं," तो म्हणाला. का खाजतं, असं विचारल्यावर त्यानं जरा विचार करून सांगितलं, "जिभेवर केस येतात."

आम्ही पोटभर हसलो. जिभेवर केस! पुढं कितीतरी दिवस आम्ही त्याला "केसाळ जीभ" म्हणून चिडवत होतो. आजीचा तो सगळ्यात लाडका नातू, पण तिलाही ती खायची नाटकं वाटली. "आरं, खा की. काय हुतंय एवढ्यानं? सवय न्हाई म्हणून वाटतं तसं," म्हणत ती त्याच्या ताटात कूट घातलेली भाजी वाढायची. तिच्या परीनं ती माया होती. ज्यांनी दुष्काळ पाहिले होते त्या माणसांना पोरानं घास नाकारणं सहन होत नसे.

मग एका एकादशीला तो दाण्याची आमटी-भात जेवला. कुणीतरी पाहुणे होते, आग्रह झाला, पोरगं भिडेपोटी जेवलं. हात धुवायच्या आत अंगभर गांध्या उठल्या, डोळे सुजून मिटले, आवाज घोगरा झाला. पित्त उठलं म्हणून त्याला आमसुलाचं पाणी चोळलं, घोंगडीत गुंडाळलं, दृष्ट काढली. कराडचा डॉक्टर दूर, रात्रीची गाडी नाही. पहाटेपर्यंत सूज उतरली. तो वाचला, यात आमच्यापैकी कुणाचीच हुशारी नव्हती. दुसऱ्या दिवशी आजी सगळ्यांना म्हणाली, "याला दाण्याचं वावडं हाय." त्यानंतर त्याची भाजी वेगळी काढली जाऊ लागली.

वावडं हा आपला जुना, अर्थपूर्ण शब्द. पण तो मोठ्यांनी मोठ्यांना सांगितला. वावडं म्हणजे काय, दोष कुणाचा, उद्या दुसऱ्याच्या घरी काय करायचं, हे त्या सात-आठ वर्षांच्या मुलाला कुणीही समजावून सांगितलं नाही. तो इतकंच समजला की आपल्यामुळे घरात त्रास होतो.

अ‍ॅलर्जी हा शब्द तेव्हा साठ वर्षांचा झाला होता. १९०६ साली व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं तो घडवला. आमच्या घरात घोंगडी पांघरली जात होती त्याच सुमारास, १९६६ साली, किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य अमेरिकेत आयजीई नावाच्या प्रतिपिंडाचा छडा लावत होतं. अशा गांध्या आणि सूज यांच्यामागे शरीरातला जो घटक असतो, तो हाच. कृष्णाकाठापर्यंत ही बातमी यायला बराच काळ जावा लागला.

आता माझी नात साडेपाच वर्षांची आहे. पुण्यात आम्ही एकत्र राहतो. ती चौदा महिन्यांची असताना आषाढी एकादशीला मी तिला साबुदाण्याची खिचडी भरवली. मऊसर, कूट घातलेली, दोन घास. पाचेक मिनिटांत ओठ सुजले, ती खोकू लागली, उलटी झाली आणि तिनं मान टाकली. मी आमसूल शोधायला ओट्याकडे वळले होते, हे मला लख्ख आठवतं. सुनेनं तिला उचललं आणि आम्ही रुग्णालयात धावलो. तिथं मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला. अशी प्रतिक्रिया ओसरून काही तासांनी पुन्हा उसळू शकते, म्हणून रात्रभर तिथंच ठेवून घेतलं. त्या रात्री खाटेशेजारी बसून मला घोंगडीतला मामेभाऊ आठवत राहिला.

एक गोष्ट इथं सांगून टाकते. नातीची कातडी जन्मापासून कोरडी, गालावर नि कोपरांत इसब. मी तिला रोज घाण्याचं गोडं तेल चोळत होते, जसं माझ्या मुलाला चोळलं, जसं मला चोळलं होतं. २००३ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, पुरळावर दाण्याचं तेल असलेली मलमं लावलेल्या बाळांमध्ये पुढं दाण्याची अ‍ॅलर्जी जास्त आढळली. फुटलेल्या कातडीतून अन्न आत गेलं तर शरीर त्याला परकं ठरवतं आणि तोंडावाटे वेळेवर गेलं तर ओळखीचं मानतं, असा त्यामागचा विचार. माझ्या तेलामुळेच हे झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, कुणी म्हणूही शकणार नाही. पण इसब असलेल्या बाळाला दाण्याचं तेल चोळू नका, एवढं मी प्रत्येक नव्या आजीला सांगते.

सल्लेही किती बदलले! २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं होतं की घराण्यात अ‍ॅलर्जी असेल तर तीन वर्षांपर्यंत मुलाला दाणे देऊच नयेत. मग लंडनच्या गिडियन लॅक यांच्या लक्षात आलं की इस्रायलमधली बाळं दाण्याचे कुरकुरीत 'बांबा' चघळतच मोठी होतात आणि तिथं ही अ‍ॅलर्जी ब्रिटनमधल्या ज्यू मुलांच्या मानानं फारच कमी आहे. त्यांनी ६४० बाळांवर अभ्यास केला. लवकर दाणे चाखणाऱ्या जोखमीच्या बाळांत पाच वर्षांच्या वयापर्यंत अ‍ॅलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटलं. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं आणि सल्ला उलटा झाला. मात्र इसब जोरात असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. अख्खा दाणा लहान बाळाला कधीच द्यायचा नाही, तो श्वासनलिकेत अडकतो.

नातीच्या बाबतीत ही वेळ निघून गेली होती. घरातून दाणा गेला. साठ वर्षं हाताशी असलेला कुटाचा डबा मी घासून, उन्हात वाळवून, कामाच्या बाईला देऊन टाकला. पहिल्या एकादशीला खोबऱ्याचा कीस घालून खिचडी केली. कुणी काही बोललं नाही, मलाच घास गोड लागेना. आता लागतो.

स्वयंपाकघर बदलणं सोपं होतं. या एवढ्याशा पोरीला समजवायचं कसं? ती तीन वर्षांची झाली, बोलू लागली, खाली खेळायला जाऊ लागली. प्रत्येक क्षणी कुणी सोबत असणार नव्हतं.

पहिला प्रश्न शब्दाचा. मुलगा-सून अ‍ॅलर्जी म्हणायचे आणि ती "अलजी" म्हणायची. ती हे बाहेर कुणाला सांगू लागली की लोक कौतुकानं हसायचे आणि खाऊ पुढं करायचे. मी तिला दुसरा शब्द दिला, "मला दाणे बाधतात." बाधतं म्हटलं की आपल्याकडच्या कुठल्याही वयाच्या बाईचा हात थांबतो, हे मी पाहिलं आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अ‍ॅलर्जीच हवं, पण गावच्या जत्रेत बाधतं हेच कामाला येतं.

मग तिनं विचारलं, "मलाच का बाधतात?"

मी तिला आमच्या मोत्याची गोष्ट सांगितली. गावच्या घरी कुत्रा होता, मोत्या. चोर आला की भुंकायचा. धाकटे काका मुंबईला गिरणीत होते. एकदा ते रात्री अचानक गावी आले, डोक्याला मफलर, खांद्यावर वळकटी. मोत्यानं ओळखलंच नाही. तो भुंकला, काकांच्या अंगावर धावला, रांजण फोडला, कोंबड्या उधळल्या, गाव जागं केलं. नुकसान सगळं मोत्याच्या गोंधळानं झालं, काकांनी काही केलं नव्हतं. तुझ्या अंगातही असा राखणदार आहे. सर्दीचे, तापाचे जंतू आले की तो त्यांना हाकलतो. दाणा आला की त्याला चोर वाटतो आणि तो सगळा वाडा डोक्यावर घेतो.

तिनं बराच विचार केला. "काका वाईट होते?"

"नाही ग."

"मोत्या वाईट होता?"

"तोही नाही. तो राखणच करत होता."

"मग दाणे वाईट नाहीत. मी पण वाईट नाही."

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. माझ्या मामेभावाला हे एक वाक्य त्या वयात मिळालं असतं, तर त्याचं बालपण वेगळं झालं असतं.

पुढचा प्रश्न आला, "मोत्यानं नंतर काकांना ओळखलं का?" इथं मला खोटं बोलायचं नव्हतं. दूध नि अंड्याच्या बाबतीत पुष्कळ मुलांचा राखणदार मोठेपणी शहाणा होतो. दाण्याच्या बाबतीत साधारण पाचातल्या एकाचाच. "काहींचा ओळखतो, काहींचा नाही. डॉक्टर अधूनमधून तपासून सांगतील. तोवर आपण काकांना वाड्यात आणायचंच नाही." तिला ते पटलं. घरच्या घरी चाखवून बघायची ही गोष्ट नाही, हे मात्र मोठ्यांनी आपल्या मनाशी पक्कं ठेवायला हवं.

माझी पितळी भातुकली आता तिच्या ताब्यात आहे. जात्यात आम्ही डाळं भरडतो, अर्थात ते चालेल का हे डॉक्टरांना विचारूनच. लाडू तसेच, सुपारीएवढे. तिच्या एका बाहुलीला दाणे बाधतात, दुसरीला दूध बाधतं, अस्वलाला काहीच बाधत नाही. पंगत बसली की ती प्रत्येकाला विचारते, "तुम्हाला काय बाधतं?" साठ वर्षांपूर्वीच्या आमच्या पंगतीत हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता.

भातुकलीत आम्ही आग्रहाचाही खेळ खेळतो. मी आग्रह करणारी शेजारीण होते. "घे ग, एवढंसं खाल्लं तर काय होतंय? मी एवढ्या प्रेमानं केलं आणि तू नको म्हणतेस? देवाचा प्रसाद आहे!" ती मान हलवत म्हणते, "नको. मला दाणे बाधतात. आईला विचारा." सुरुवातीला तिचा आवाज फुटत नसे, कारण मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नाही, हेही आम्हीच शिकवलेलं. खेळून खेळून तो मोठा झाला.

प्रसादाचा पेच खरा होता. प्रसादाला नाही म्हणू नये, असं माझ्या हाडीमांसी आहे. पंचखाद्य, कूट, तीळगुळाची वडी, काय काय असतं त्यात. आम्ही तिला शिकवलं, प्रसाद कागदात किंवा द्रोणात घ्यायचा, नमस्कार करायचा आणि आजीच्या हातात द्यायचा. चुकून तळहातावर पडलाच, तर तो हात कपाळाला, डोळ्यांना, तोंडाला लावायचा नाही. साबण-पाण्यानं धुवायचा, सॅनिटायझरनं दाण्याचा अंश जात नाही. आमच्या इमारतीतल्या काकू आता तिच्यासाठी खडीसाखरेची वेगळी वाटी ठेवतात.

पहिल्या बालवाडीत तिला कोपऱ्यात वेगळ्या टेबलावर बसवून डबा खायला लावत. काळजीपोटीच असेल, पण ती घरी येऊन विचारायची, "मी काय केलं?" मला तो घोंगडीतला चेहरा दिसायचा. आम्ही ती बालवाडी सोडली. माझ्या लहानपणी आमच्या शाळेत अंगतपंगत असायची, डबे उघडून मधे ठेवायचे आणि कुणाची चटणी कुणाच्या भाकरीवर जायची. त्या सुखाची सर कशालाच नाही. नातीच्या आताच्या शाळेतल्या बाईंनी त्यातून वाट काढली. वाटावाटी बंद, प्रत्येकाचा डबा आपापला, पण बिनदाण्याचा डबा आणणारी दोन-तीन मुलं रोज तिच्याभोवती गोल करून बसतात. इतर मुलं आईला सांगतात, "उद्या दाणे नको, मला त्या पंगतीत बसायचंय."

पुड्यांचंही शिकवतो. आपल्या देशात २०२० सालच्या नियमांनुसार बंद पाकिटावर शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, सोयाबीन यांसारख्या पदार्थांचा उल्लेख करणं बंधनकारक आहे. तो बहुधा इंग्रजीत असतो, म्हणून 'पीनट' या शब्दाची सहा अक्षरं नातीला चित्रासारखी ओळखता येतात. फरसाणवाल्याच्या बरणीवर मात्र काहीच लिहिलेलं नसतं, आणि चकली कुठल्या तेलात तळली हेही कळत नाही. तिथं आम्ही घेत नाही.

तिच्या दप्तरात डॉक्टरांनी लिहून दिलेली योजना असते आणि अ‍ॅड्रेनलिन असतं. परदेशात मिळतं तसं पेनासारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही, म्हणून सून, मुलगा, शाळेतल्या बाई आणि मी, सगळ्यांनी डॉक्टरांकडून सुई टोचायला शिकून घेतलं. सत्तरीच्या उंबरठ्यावर माझा हात थरथरतो, पण मी संत्र्यावर सराव केला. श्वास लागला, आवाज बसला, उलट्यांबरोबर गांध्या उठल्या, तर आधी मांडीत इंजेक्शन, मग १०८ला फोन. मुलाला आडवं ठेवायचं, श्वास लागत असेल तर बसवून, पण चालवायचं नाही. खाजेच्या गोळीची वाट बघत बसायचं नाही. आमसुलाच्या पाण्याची तर नाहीच.

दोन वर्षांपूर्वी सुनेनं मला एक पत्रक वाचायला दिलं. लहान मुलांना ही लक्षणं नीट सांगता येत नाहीत, ती कुठल्या शब्दांत सांगतात याची त्यात यादी होती. जीभ गरम झाली. तोंडात मुंग्या आल्या. घशात काहीतरी अडकलंय. आणि त्याखाली, जिभेवर केस आहेत.

मी चष्मा काढून ठेवला. मग मामेभावाला फोन लावला. तो शिक्षक होता, आता इस्लामपूरला असतो, नातवंडांत रमलेला. मी त्याला ती ओळ वाचून दाखवली. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही.

"ताई," तो म्हणाला, "तेव्हा मला दुसरा शब्द येत नव्हता ग."

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "राहू दे. पोरीला विचारत जा मात्र."

आम्ही विचारतो. तोंडात कसं वाटतंय, हे तिनं तिच्या शब्दांत सांगायचं आणि ते कितीही विचित्र असलं तरी आम्ही हातातलं काम टाकून ऐकायचं, असं आमच्यात ठरलं आहे.

येत्या संक्रांतीला तुमच्या घरी हळदीकुंकू असेल. बायकांच्या पदराला धरून मुलं येतील. त्यांच्या हातावर वडी ठेवण्याआधी एकदा विचारा, "बाळ, तुला काही बाधतं का?" आणि ते मूल नको म्हणालं, तर दुसऱ्यांदा आग्रह करू नका.